सगळे म्हणजे नेमके कोण बे?

सहावीत होतो मी तेव्हा, धाकट्या आत्याचं लग्न होतं आणि हळदीच्या जेवणाचं आवतण सांगायचं काम माझ्याकडं दिलेलं. सोलापुरातली गिरणीची चाळ, तीन लायनी, समोरासमोर दारं. बाबांनी नीट समजावून सांगितलं होतं, की मागची लायन चूलबंद सांग आणि पुढच्या दोन लायनींना घरटी एक सांग. मी हो हो म्हटलो आणि पळत सुटलो, आणि प्रत्येक दारात उभा राहून एकच वाक्य ओरडलो, "उद्या संध्याकाळी जेवायला सगळ्यांनी या!"

आणि सगळे आले. म्हणजे खरंच सगळे. दुसरी पंगत उठायच्या आत भाकऱ्यांची दुरडी रिकामी झाली आणि आमटीच्या पातेल्यात डाव खरवडायला लागला. आजीनं मला बाजूला ओढून विचारलं, "सांगताना काय म्हटलास रे?" मी म्हटलो, सगळ्यांनी या म्हटलो. ती काहीच बोलली नाही, नुसती पिठाच्या डब्याकडं बघत राहिली.

ते दोन शब्द ज्यांना माहिती नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. घरटी एक म्हणजे प्रत्येक घरातनं एक माणूस. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही, तान्ह्या पोरापासनं अंथरुणावरच्या म्हाताऱ्यापर्यंत जेवण आमच्याकडं. दोन्हीत 'सगळे' आहेतच, पण एकात सगळी घरं आहेत आणि दुसऱ्यात सगळी माणसं. मी तो फरकच पुसून टाकला होता. तेव्हापासनं 'सगळे' हा शब्द कुणी वापरला की माझा कान टवकारतो, आणि आज त्याच्यावरच जरा सविस्तर लिहावं म्हटलं, कारण दिसायला एवढा साधा शब्द पण त्याच्या आत लई काय काय भरलेलं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे 'सगळे' म्हणताना आपण जगातली सगळी माणसं असं जवळजवळ कधीच म्हणत नसतो. रात्री आई विचारते, "सगळे जेवले का?", तिच्या सगळ्यांत चार किंवा सहा माणसं असतात. शाळेतलं पोरगं म्हणतं, "सगळ्यांकडं गिअरची सायकल आहे", त्याच्या सगळ्यांत शेजारच्या बाकावरचे तिघं. नवी पेठेतला दुकानदार म्हणतो, "सगळे हेच घेऊन जायलेत", त्याच्या सगळ्यांत सकाळपासनं आलेली गिऱ्हाइकं. शब्द तोच, फक्त त्याच्याभोवतीचं कुंपण प्रत्येक वेळी वेगळं आणि ते कुंपण कुणी बोलून दाखवत नाही, ऐकणाऱ्यानं प्रसंगावरनं ओळखायचं असतं. भाषेचा अभ्यास करणारी माणसं यालाच शब्दाची मर्यादा संदर्भातनं ठरते असं म्हणतात. बहुतेक वेळा आपण बरोबर ओळखतो, म्हणून कळतसुद्धा नाही की ओळखावं लागलं. भांडणं होतात ती बोलणाऱ्याचं कुंपण एक आणि ऐकणाऱ्याचं दुसरं असलं की. "सगळ्यांना सांगितलंस, मला नाही सांगितलंस" हे वाक्य बघा, बोलणारा स्वतःला कुंपणाच्या आत समजत होता आणि त्याला बाहेर ठेवलं गेलं, ते दुखणं त्या एका वाक्यात असतं.

आता मराठीनं 'सगळे' सांगायला काय काय युक्त्या काढल्यात ते बघा, मला ह्यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते दोन टोकं धरून मधलं सगळं उचलायचं. लहानथोर. राव-रंक. गल्लीपासनं दिल्लीपर्यंत. चादरीची दोन टोकं दोघांनी धरून उचलली की मधलं कापड आपोआप उचललं जातं तसं. आबालवृद्ध हा शब्द जरा पुस्तकी आहे पण त्यातही तेच आहे, संस्कृतातला 'आ' म्हणजे इथपासनं-तिथपर्यंत, बाळापासनं म्हाताऱ्यापर्यंत. कधी कधी तर एकच टोक पुरतं, "शेंबड्या पोरालासुद्धा कळतं हे" म्हटलं की सगळ्यात कमी कळणाऱ्यालाही कळतं, म्हणजे बाकीच्यांना कळतंच. आणि कुणीच नाही सांगायचं असेल तर हीच युक्ती उलटी, "रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं", "काळं कुत्रं विचारत नाही". जे सहज कुठंही असतं तेसुद्धा नाही म्हटल्यावर माणसाचं काय घेऊन बसलात.

दुसरी युक्ती मोजायची. अठरापगड, बारा बलुतेदार. अठरापगड म्हणजे अठरा तऱ्हांच्या पगड्या, प्रत्येक जातीची पगडी बांधायची पद्धत वेगळी, त्या सगळ्या पगड्या एका ठिकाणी आल्या म्हणजे सगळा समाज आला. ऐकायला शब्द भारी वाटतो, मीही वापरतो, पण एकदा त्याच्याकडं नीट बघितलं तर पगडी घालायचे पुरुष, मग त्या 'सगळ्यां'त बाई कुठं आहे? बारा बलुतेदारांतही गावाला सेवा देणारे मोजलेत. म्हणजे जुने 'सगळे' तयार करताना कुणीतरी कुठंतरी उभं राहून मोजत होतं आणि त्याला जे दिसले तेवढे त्यानं मोजले. 'गाव तिथं' अशी सुरुवात होणारी एक जुनी म्हण तर एका समाजाला गावाबाहेरच ठेवते, ती मी इथं लिहिणार नाही आणि कुणी सहज तोंडातनं काढली तर मी त्यांना थांबवतो.

मजा म्हणजे आकडा लहान असला तरी चालतो. चारचौघं. "चारचौघांत असं बोलू नये", "चारचौघांसारखं लग्न कर", "चार लोक काय म्हणतील". हे चार कोण? कुणीच नाही आणि सगळेच. पाचामुखी परमेश्वर म्हणताना पाच माणसं म्हणजे सगळा समाज, गावचे पंचही त्याच पाचातले. माझ्या आईचं लहानपण मंगळवार पेठेत गेलं, ती सांगते की आम्हाला काहीही करायच्या आधी त्या चार लोकांची भीती घातली जायची आणि ते चार लोक आयुष्यात कधी भेटले नाहीत.

मग अरबी-फारसीकडनं आलेले शब्द. तमाम, आम, आलम. 'आलम दुनिया' म्हणतो आपण, त्यातला आलम म्हणजे जग आणि दुनिया म्हणजेही जग, दोनदा जग म्हटलं म्हणजे कुणी सुटायला नको. संस्कृतकडनं आलेला यच्चयावत, जे जे म्हणून जेवढं आहे तेवढं. आणि आपला घरचा शब्द, झाडून. "झाडून सगळे आले लग्नाला." पोतं उलटं करून झाडलं की शेवटचा दाणाही खाली पडतो, तसं. माझं मत विचाराल तर यच्चयावतपेक्षा झाडून कितीतरी चांगला, ऐकल्या ऐकल्या डोळ्यासमोर पोतं येतं.

'सरसकट' मात्र वेगळा, तो पैशापाण्याचा आणि हक्काचा शब्द आहे. २०१७ साली शेतकऱ्यांच्या कर्जमाफीच्या वेळी आठवतंय का, सरसकट, तत्त्वतः आणि निकष ह्या तीन शब्दांवर आख्ख्या महाराष्ट्रात चर्चा चालली होती, चहाच्या गाड्यावर पण तेच. सरसकट म्हणजे मध्ये चाळणी नाही, सगळे. निकष आला की चाळणी आली. शेवटी दीड लाखांची मर्यादा आणि अटी आल्याच. एका शब्दानं कुणाचं कर्ज फिटतं आणि कुणाचं राहतं एवढं वजन त्या 'सगळ्यां'ला असतं, म्हणून सरकारी कागदावर असला शब्द दिसला की पुढचं वाक्य दोनदा वाचावं.

आता वाईट 'सगळे'. सोम्यागोम्या, ऐरेगैरे, येरागबाळा, लुंग्यासुंग्या, आंडूपांडू. हे सगळे शब्द म्हणतात, कुणीही असो, पण म्हणताना नाक मुरडून म्हणतात. सोम्यागोम्यात तर दोन साधी नावं घेतलीत, सोमा आणि गोमा, लांबवून सोमाजी गोमाजी कापसे पण म्हणतात, कुणाचीही असावीत अशी नावं. ऐरेगैरेतला गैर हा अरबी, त्याचा अर्थ परका, दुसरा, आणि ऐरे हा त्याला नुसता जोडीला आलेला आवाज. येरागबाळ्यातला येर हा जुन्या मराठीतला, त्याचाही अर्थ इतर, दुसरा. बघा म्हणजे, एक शब्द अरबस्तानाकडनं आला, एक इथलाच, दोन्हींचा अर्थ 'दुसरा' आणि दोन्ही हलक्या माणसासाठी वापरले गेले. आपला नाही तो कुणीही, असं काहीतरी भाषेच्या मनात बसलेलं आहे आणि ते मला बरं वाटत नाही, पण आहे ते आहे.

जोडशब्दाचंही असंच. पोरंबिरं, पाहुणेबिहुणे, लोकबिक. 'बि' लावला की त्या जातीचे बाकीचे सगळे आत येतात, पण मूळ शब्दाचा मान थोडा कमी होतो, "पाहुणेबिहुणे येणारेत" म्हणणाऱ्याला पाहुण्यांचा आनंद झालाय असं कुणी म्हणणार नाही. इथं सोलापूरचं एक सांगायला पाहिजे, आमच्याकडं मराठीच्या जोडीला कन्नड आहे, पूर्व भागात तेलुगू आहे, दखनी आहे, आणि कन्नड-तेलुगूत हाच खेळ 'गि' लावून करतात, कन्नडमध्ये ऊटा-गीटा म्हणजे जेवणबिवण, तेलुगूत पुली-गिली म्हणजे वाघबिघ. भाषांची घराणी वेगळी पण शेजार इतक्या शतकांचा की सवय एक झाली. फक्त अक्षर ज्याचं त्याचं.

आता जरा अवघड भाग, पण रोजच्या जगण्यातला आहे म्हणून सांगतोच. "सगळ्यांनी पाचशे रुपये दिले." किती जमले? आमच्या मित्रांच्या ग्रुपवर एकदा ह्याच्यावरनं चांगलं तासभर चाललं होतं, मंडळाची वर्गणी होती, लिहिणाऱ्याच्या मनात सगळ्यांनी मिळून पाचशे आणि वाचणाऱ्याच्या मनात प्रत्येकी पाचशे. बारा जण होते, म्हणजे पाचशे आणि सहा हजार एवढा फरक. 'सगळे' हा शब्द माणसांची मोट बांधतो, पण मोटेनं मिळून काम केलं का मोटेतल्या प्रत्येकानं वेगवेगळं केलं हे तो शब्द सांगत नाही. मराठीत त्यासाठी वेगळे शब्द आहेतच, मिळून, प्रत्येकी, एकेकानं. आणि 'जो तो'. ह्या जो तो मध्ये एक एकटेपणा आहे, "सगळे फोनमध्ये बघत होते" आणि "जो तो आपापल्या फोनमध्ये" ही दोन वाक्यं म्हणून बघा, दुसऱ्यात तीच माणसं आहेत पण एकमेकांपासनं सुटलेली. क्रियापद पण एकवचनात जातं, जो तो बघत होता. घरोघरी, गावोगावी हे पण एकेक मोजत जाणारे शब्द, म्हणून "घरोघरी मातीच्या चुली" ऐकलं की एकेका घरात डोकावल्यासारखं वाटतं. त्या जागी "सगळ्या घरात मातीच्या चुली" म्हटलं असतं तर म्हण झालीच नसती.

नकार आला की आणखी गुंता. "सगळे आले नाहीत." कुणीच आलं नाही का काही आले काही नाही आले? लिहिलेलं वाचलं तर दोन्ही अर्थ निघतात. बोलताना आपण आवाजानं भागवतो, 'सगळे'वर जोर देऊन "सगळे नाही आले" म्हटलं की काही आलेत. मेसेजमध्ये आवाज नसतो, म्हणून माझं सांगणं एवढंच की असा निरोप टाइप करताना 'कुणीच आलं नाही' किंवा 'काही जण राहिलेत' असं सरळ लिहा, दवाखान्यात थांबलेल्या माणसाला असा अर्धवट निरोप गेला तर त्याचा जीव टांगणीला लागतो. आमच्या घरी हे झालंय एकदा.

आणि आता माझा सगळ्यात लाडका मुद्दा, आपण आणि आम्ही. "आम्ही गड्ड्याला चाललोय" आणि "आपण गड्ड्याला जाऊया". पहिल्यात तुम्ही बाहेर, दुसऱ्यात तुम्ही आत. मराठी बोलणारं दोन-तीन वर्षांचं पोरगं पण हे बरोबर वापरतं, शिकवावं लागत नाही. हिंदी 'हम'मध्ये हा भेद नाही, तिथं अंदाजानं घ्यावं लागतं. तेलुगूत आहे, मनमु म्हणजे आपण आणि मेमु म्हणजे आम्ही, त्यामुळं पूर्व भागातलं हातमाग-यंत्रमागावरचं तेलुगू घर मराठी शिकलं तर हे त्याला नवं वाटत नाही. दखनी बोलणारे मित्र 'अपन' म्हणतात तेव्हा तेही आपल्याला आत घेतात. नव्या माणसाशी बोलताना तो आम्हीवरनं आपणवर कधी आला ते बघत जा, "काय करूलालास बे, चल की आपण चहा मारू" असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा दोस्ती झालेली असते.

गड्डा म्हटल्यावर सोलापूरच्या बाहेरच्यांना सांगतो, सिद्धेश्वर महाराजांची जानेवारीतली यात्रा, संक्रांतीच्या आसपास, सात नंदीध्वज निघतात, पांढरी बाराबंदी घातलेली माणसं, संमती कट्ट्यावर अक्षता, होम मैदानावर पाळणे आणि खेळण्यांची दुकानं. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" म्हणून आवाज उठतो तेव्हा शेजारचा मराठी आहे का कन्नड आहे का तेलुगू हे कळत नाही, तो एक आवाज असतो. गर्दीसाठी तिथं दोन शब्द ऐकू येतात. एक पब्लिक, "पब्लिक लई होती बे", ह्यात माणसं नुसती गर्दी आहेत. दुसरा जुना, हौशे नवशे गवशे. हौसेसाठी आलेले, नवस फेडायला आलेले आणि काय गवसतंय का बघायला आलेले. तीन शब्दांत जत्रेतला प्रत्येक माणूस आला आणि प्रत्येक जण का आला तेही आलं. गर्दीचं असं वर्णन दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल तर मला वाचायला आवडेल. माझे आजोबा नवशे होते, बाबा हौशे, आणि लहानपणी मी गवशे, पाळण्याखाली पडलेली चिल्लर शोधत फिरायचो.

म्हणींचं काय बोलावं, त्या सगळ्यांबद्दलच असतात. पण त्यांचेही दोन गट पडतात असं मला वाटतं. काही म्हणी सगळ्यांना एका रंगात रंगवतात, सगळे एका माळेचे मणी, आणि 'एकजात' हा शब्द पण तसाच, "एकजात चोर" म्हणतात, "एकजात सज्जन" क्वचितच. आणि काही म्हणी लगेच थांबवतात, उडदामाजी काळेगोरे, व्यक्ती तितक्या प्रकृती. रागात पहिल्या गटातली म्हण सुचते आणि राग गेला की दुसऱ्या. "गाव करी ते राव न करी" ही मात्र दोन्हीत बसत नाही, ती सांगते की सगळे मिळून जे करतात ते एकट्या मोठ्या माणसाला जमत नाही, आणि सोलापुरात ही म्हण नुसती म्हण नाही. मे १९३० मध्ये इथली माणसं रस्त्यावर उतरली, इंग्रजांनी शहरात मार्शल लॉ लावला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. ही चार नावं सलग म्हणून बघा. शहरातनं वेचून चार घरं घेतल्यासारखी आहेत. चार हुतात्मा चौकातनं जाताना मला दर वेळी चारचौघं हा शब्द आठवतो, आणि मग "चार लोक काय म्हणतील" मधले ते भीतीचे चार लोक मनातनं निघून जातात, त्या जागी हे चौघं येतात.

हळदीच्या रात्रीचं सांगायचं राहिलं. आजी पिठाच्या डब्याकडं बघत होती तेवढ्यात पुढच्या लायनीतली एक बाई उठली, ती घरटी एकमधली, तिला एकटीलाच बोलवायचं होतं खरं तर, आणि पोरंबाळं घेऊन आलेली. ती काही न बोलता घरी गेली आणि ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन आली. मग दुसरी गेली. मग तिसरी. एकीनं परात आणली, दोघींनी तवे आणले, मागच्या अंगणात तीन दगडांच्या चार चुली मांडल्या गेल्या आणि भाकऱ्या थापायचा आवाज सुरू झाला, कुणी कन्नडमध्ये हसत होतं, कुणी तेलुगूत पोराला रागवत होतं, आणि आजी मध्ये उभी राहून "एल्लारू बर्री, बसा, बसा सगळे" म्हणत होती. तिसरी पंगत साडेअकराला बसली, शेंगाची चटणी आणि गरम भाकरी, आमटी संपलेलीच होती.

लग्न झाल्यावर दोन दिवसांनी आजीनं मला डबे परत द्यायला पाठवलं. डबा रिकामा द्यायचा नसतो म्हणून प्रत्येकात मूठभर बुंदी. स्टीलचे अकरा डबे होते, झाकणावर नावं कोरलेली, काही मराठीत, दोन तेलुगू अक्षरात, एकावर उर्दूत. ती दोन-तीन नावं मला वाचता येईनात. आजीलाही वाचता येत नव्हतं, ती अक्षराला हात न लावता डब्याच्या पोच्यावरनं ओळखत होती, हा हिचा, हा तिचा, आणि हा शेवटच्या घरचा, हा आधी नेऊन दे, तिच्या घरी पीठ तेवढंच होतं.